'फेरोइलेक्ट्रिक'मध्ये लोखंड कुठे आहे?

प्रश्न दुहेरी आहे. 'फेरो' म्हणजे लोह, मग 'फेरोइलेक्ट्रिक'ला 'लोहविद्युत' म्हणावं का? आणि 'फेरोइलेक्ट्रिक पदार्थ नॅनो आकारात फेरोइलेक्ट्रिक राहत नाही' हे वाक्य बरोबर कसं?

आधी लोखंडाचं. फेरोइलेक्ट्रिक म्हणजे बाहेरचं विद्युत क्षेत्र काढलं तरी ध्रुवण (धन आणि ऋण भार एकमेकांपासून किंचित सरकलेले असणं) टिकवणारा पदार्थ. बेरियम टायटनेट हा यातला सर्वांत परिचित. त्यात बेरियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन. हा गुणधर्म भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ व्हॅलासेक यांना १९२०च्या सुमारास आढळला तो रोशेल मिठात (सोडियम-पोटॅशियम टार्ट्रेट). लोह त्यातही औषधाला नाही! 'फेरो' आलं ते फेरोमॅग्नेटिकच्या वळणावर. बाहेरचं क्षेत्र काढून घेतलं तरी लोहचुंबकात चुंबकत्व उरतं, इथे विद्युत ध्रुवण उरतं. उलटं क्षेत्र लावलं की दिशा पालटते. आलेखात दोन्हीकडे हिस्टेरिसिसचं, म्हणजे क्षेत्रामागून रेंगाळत बदलण्याचं, तेच वेटोळं. रशियनांनी लोखंड टाळलंच: ते 'सेग्नेटोइलेक्ट्रिक' म्हणतात, रोशेल मिठाशी जोडलेल्या सेन्येत या फ्रेंच आडनावावरून. मला 'लोहविद्युत' दिशाभूल करणारा वाटतो, फेरोइलेक्ट्रिकच ठेवावा.

आता ते वाक्य. हा शब्द वागणुकीचा आहे, घटकांचा नाही. बेरियम टायटनेटमध्ये साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली टायटॅनियमचा आयन मध्यापासून नॅनोमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाइतका सरकतो, आणि शेजारचे आयनही त्याच बाजूला सरकलेले असल्यामुळे तिथेच टिकतो. कण फार बारीक झाला की शेजारी कमी पडतात. पृष्ठभागावरचे विद्युतभार पुरते झाकले गेले नाहीत तर आत ध्रुवणाच्या विरुद्ध क्षेत्र तयार होतं. शेवटी आयन मध्यावर येतो, ध्रुवण मावळतं. डायइलेक्ट्रिक मात्र तो राहतोच, म्हणजे विद्युतरोधक, क्षेत्र असेपर्यंत ध्रुवित होणारा. सिरॅमिकमध्ये कण सुमारे १ मायक्रोमीटरचे असताना डायइलेक्ट्रिक स्थिरांक (क्षेत्रात पदार्थ किती ध्रुवित होतो याचं माप) सर्वाधिक, खोलीच्या तापमानाला ५०००च्या आसपास. त्याहून बारीक कणांत तो उतरत जातो.

उलटा प्रकारही आहे. हाफ्नियम ऑक्साइड एरवी साधा डायइलेक्ट्रिक, पण त्यात सिलिकॉन मिसळून केलेला सुमारे १० नॅनोमीटरचा पापुद्रा फेरोइलेक्ट्रिक ठरल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणून नुसतं 'नॅनो आकारात' लिहिणं मोघम. १०० नॅनोमीटरचा बेरियम टायटनेटचा कणही नॅनोच, आणि तो सहसा फेरोइलेक्ट्रिक असतो. वाक्य असं करा: 'बेरियम टायटनेटचे कण एका मर्यादेपेक्षा लहान झाले की ते फेरोइलेक्ट्रिक राहत नाहीत', आणि ती मर्यादा नॅनोमीटरमध्ये द्या, कण आहे की पापुद्रा, यावर ती बदलते.