हल्लीच्या मराठी कादंबऱ्या आणि कविता वाचून तुम्हाला काय वाटतं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की ओळीनं चार-पाच नवी पुस्तकं वाचली, सगळ्यांत गाव उजाड आणि माणूस हताश, आणि आता 'दुःख असल्याशिवाय पुरस्कार मिळत नाही का' असा संशय यायला लागलाय. संशय अगदीच खोटा नाही. काही पुस्तकांत दुष्काळ नाटकातल्या पडद्यासारखा मागं टांगलेला असतो. पडदा काढला तरी पुढच्या माणसांचं काही अडत नाही. अशी पुस्तकं मी पन्नास पानांवर मिटते.

पण माझं मत बदलायला एक कादंबरी कारण झाली, तेवढं सांगते.

मी सोलापूरची. एका युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशेब बघते. एप्रिल ते जून शाळांचा सीझन असतो, तेव्हा जेवायला फुरसत नसते, वाचन कुठलं! २०२४ साली देविदास सौदागर यांच्या 'उसवण'ला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. लेखक तुळजापूरचे, म्हणजे आमच्या शेजारचेच, आणि स्वतः शिवणकाम केलेले. आमच्या कटिंग मास्तरांनी बातमीचं कात्रण माझ्या टेबलावर आणून ठेवलं. आयुष्यात त्यांनी मला दिलेला पगारवाढीच्या अर्जाव्यतिरिक्तचा हा पहिला कागद.

कादंबरी शिंप्याची आहे. तयार कपडे बाजारात आले आणि त्याच्याकडे शिवायला कापड येईनासं झालं. वाचता वाचता मी मध्येच थांबले. तयार कपडे 'आले' म्हणजे कुठून आले? थोडे तरी आमच्याच टेबलावरून गेले असणार. तालुक्याच्या गावांना जाणाऱ्या मालाची चलनं मी स्वतः लिहिते, डझनांत. ज्याचं दुकान बसतंय त्याच्या बाजूनं पुस्तक वाचत होते आणि पगार दुसऱ्या बाजूनं घेत होते. असं मला आधी कुठल्याच पुस्तकानं पकडलं नव्हतं. मास्तरांना पुस्तक दिलं, त्यांनी चार दिवसांनी परत केलं. म्हणाले, "बरोबर लिवलंय की हो मॅडम. आमचं दुकान मोडलं म्हणून तर मी हितं आलो." आणि लगेच काजं-बटणांच्या बिलावरून भांडायला लागले.

त्यानंतर कृष्णात खोतांची 'रिंगाण' हातात आली (अकादमी पुरस्कार, २०२३). धरणामुळं उठलेलं गाव, आणि मागं राहिलेली म्हैस शोधायला परत जाणारा माणूस. म्हशीला माणसाची सवय उरलेली नाही, ती रानटी झालीय. एवढ्याशा गोष्टीवर अख्खी कादंबरी उभी आहे, आणि जनावराच्या पावलांचं, वासाचं, चाहुलीचं वर्णन असं की मी बसल्या जागी अंग चोरत होते. धरण तिथलं वेगळं आहे, मान्य. पण चार-पाच दिवसांनी आमच्या नळाला येतं ते उजनीचं पाणी, आणि उजनीच्या पोटातही गावं गेलीत. घागर भरताना हे आठवतं. पूर्वी नाही आठवायचं.

तेव्हा दुःख किती आहे हे मी मोजत नाही. लिहिणाऱ्याला काम माहीत आहे का ते बघते. कापड कसं कापतात, म्हैस कशी वळवतात, उधारी कशी लिहितात. ते माहीत असलं की दुःख आपोआप खरं होतं आणि मधूनच हसूही येतं. जयंत पवारांच्या कथांत मुंबईचं गिरणगाव असंच आतून येतं. सोलापूरच्या बंद गिरण्यांवर त्या तोडीची कथा मात्र अजून माझ्या वाचनात नाही. ही माझी जुनी तक्रार.

जाडजूड कादंबऱ्यांचं विचाराल तर रंगनाथ पठारेंची 'सातपाटील कुलवृत्तांत' दुसऱ्या खेपेला पुरी झाली. पहिल्या खेपेला पाटलांच्या पिढ्यांत मी हरवले होते.

कवितेचं वेगळं. मोबाइलवर फिरणाऱ्या कवितांत कवी फार वेळ स्वतःच्या कवितेबद्दलच बोलतो, त्या मी वाचत नाही. आमच्याकडे तर प्रत्येक सत्कारात दत्ता हलसगीकरांची 'ज्यांची बाग फुलून आली' म्हणतात. चांगली कविता, पण इतकी ऐकलीय की आता टाळ्यांशिवाय काही ऐकू येत नाही.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू. अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळते आणि मी शेजारी बसून मराठीतलं तेलुगूत सांगते. माझी परीक्षा हीच. कादंबरी चांगली असली तर अम्मा दर दोन मिनिटांनी "तर्वात?" म्हणजे मग पुढं काय, असं विचारते. कवितेला ती काहीच विचारत नाही, पण हात सावकाश चालतात. अनुराधा पाटलांच्या 'कदाचित अजूनही'ला तसं झालं. आवाज न चढवता लिहिलेल्या कविता आहेत, मला त्या तेलुगूत सांगायला अवघड गेल्या, कारण सांगण्यासारखी गोष्ट थोडी आणि मध्ये सोडलेली जागा जास्त.

अरुण कोलटकरांची 'भिजकी वही' वीसेक वर्षांपूर्वीची, पण मला ती आजचीच वाटते. जगभरच्या रडणाऱ्या बायका त्यात आहेत. एका रात्री व्हिएतनामच्या किमची कविता सांगत होते. बॉम्बनं अंग भाजलेली, रस्त्यावरून पळणारी मुलगी. तो फोटो तुम्हीही पाहिला असेल.

"किती वर्षांची?" अम्मानं विचारलं.

"नऊ. १९७२ साल."

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात मीपण नऊची होते. त्याच साली सूप मांडीवर घेतलं." आणि सूप बाजूला सारून म्हणाली, "परत वाच. तेलुगूत नको, तशीच वाच."