आधी वाटे, मग फोटो

मॅडिसन, विस्कॉन्सिन
24 नोव्हेंबर 2025

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

शनिवारी सकाळी तुझा फोटो आला तेव्हा मी दुसऱ्यांदा चहा टाकत होतो. पहिल्यांदा दिसलं ते माझं शिकारीचं नारिंगी जाकीट. तुझ्या खांद्यांवरून ते अगदी हँगरला लावल्यासारखं लोंबत होतं. मग दिसली तू मारलेली, गवतात पडलेली हरणाची मादी. आणि मग लक्षात आलं की तू कॅमेऱ्याकडे बघतच नाहीयेस, तिच्या कानाकडे बघते आहेस. गुडघ्याने दगा दिला नसता तर मी तिथेच असतो. असो.

फोटोखाली तू दोन प्रश्न विचारलेस. "काका, घरच्या ग्रुपवर टाकू का? आणि इथे सगळे 'हार्वेस्ट' म्हणतात, तसंच लिहू का?" मी नुसतं अभिनंदन लिहून मोकळा झालो, कारण उत्तर फोनवर टाइप करण्याएवढं लहान नव्हतं.

दुसरा प्रश्न आधी घेतो. 'हार्वेस्ट' म्हणजे आपली सुगी. वनखात्याच्या तक्त्यात तो शब्द शोभतो. तिथे कळपांचा हिशेब असतो, किती माद्या गेल्या, किती नर गेले, पुढच्या वर्षी किती परवाने द्यायचे. पण भात कापताना कुणाचे हात थरथरत नाहीत, आणि तुझे थरथरले असं तूच लिहिलं आहेस. आपल्या भाषेत त्याला 'मारणं' हा शब्द आहे. "मी हरीण मारलं" हे लिहायला जड जातं, आणि जड जायलाच हवं. ज्याला ते वाक्य लिहवत नाही त्याने घोडा दाबायच्या आधी विचार करायचा होता. (तू केला होतास, मला माहीत आहे. पहिल्या मादीवर निशाणा धरून सोडून दिलीस, कारण मागे पाडस उभं होतं. ते तू मला सांगितलंस, फोटोखाली मात्र लिहिलं नाहीस. त्यावर पुढे येतो.)

मी 1991 साली पहिल्यांदा इथल्या हरणाच्या शिकारीच्या नऊ दिवसांच्या हंगामात बसलो. तेव्हा हरीण मारलं की ते नोंदणी केंद्रावर न्यावं लागे, आणि केंद्र म्हणजे बहुतेक वेळा पेट्रोल पंप, नाहीतर एखादा बार. आमचा पंप होता. शनिवारी दुपारपासून पिकअपची रांग. मागची फळी पाडलेली, तिच्यावर हरणं, केसांवर दहिवर गोठलेलं, जीभ एका बाजूला. खात्याची एखादी पोरगी क्लिपबोर्ड घेऊन यायची, हरणाचा जबडा उघडून दाढा बघायची आणि सांगायची, दीड वर्षाचं, अडीच वर्षाचं. मग शिंगाला किंवा पायाला पत्र्याची खूणचिठ्ठी आवळायची. तोपर्यंत पाच-सहा जण फळीभोवती जमलेले. कुणी "वा, काय मोठं" असं फारसं म्हणत नसे. प्रश्न ठरलेले असत. कुठे लागली? किती पळालं? कुणाच्या रानात? आणि थाप मारायची सोय नव्हती. जखम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. मागच्या मांडीत गोळी असेल तर कुणी काही बोलत नसे, फक्त कॉफीचा घोट जरा लांब घेत.

2015 पासून ही नोंदणी फोनवर आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5 च्या आत आकडे भरले की झालं. सोय झाली, तक्रार नाही. फळीभोवतीचा घोळका मात्र गेला, आणि त्याच्या जागी आला फोटो, ज्यात मारणाराच ठरवतो कुठली बाजू दिसावी.

आता माझी एक गोष्ट. ती मी त्या पंपावर कधी सांगितली नाही.

1996 चा हंगाम, दुसरा दिवस, संध्याकाळ. मादी आडवी उभी होती, पण चालायच्या बेतात. मी घाई केली. गोळी लागली तेव्हा ती पाठ कमानीसारखी वर करून हळूच चालत गेली. फुप्फुसात लागलेलं हरीण असं जात नाही, उधळतं. ती उभी होती त्या जागी जाऊन पाहिलं तर थोडे पांढुरके केस आणि पानावर हिरवट-तपकिरी ओघळ, वास शेणासारखा. आतड्यात लागली होती. अशा वेळी सहा-आठ तास थांबायचं असतं. न छेडलेलं जनावर जवळच कुठेतरी बसतं आणि तिथेच मरतं. मला हे माहीत होतं. पण अंधार पडत होता, थंडी होती, आणि मला ती त्याच संध्याकाळी हवी होती. मी वीस मिनिटांत माग काढायला निघालो. ती दोनदा उठून पुढे गेली, त्याचा आवाज ऐकला. मग रक्त संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कावळ्यांवरून सापडली. रात्री कोल्ह्यासारख्या कायोटींनी मागचा भाग खाल्ला होता. त्या दुपारी पंपावर एकाने विचारलं, यंदा काही मिळालं का? मी म्हटलं, काही दिसलंच नाही.

मादी वाया गेली ती चूक एका संध्याकाळची. पण त्या एका वाक्यामुळे रांगेत माझ्या पुढे-मागे उभ्या असलेल्या नवख्या पोरांपैकी कुणालाच कळलं नाही की वीस मिनिटं पुरत नाहीत. मी ते सांगितलं असतं तर कदाचित एखादं हरीण वाचलं असतं, म्हणजे वाया जाण्यापासून.

म्हणून फोटोखाली तू काय लिहावंस ते सांगतो. साठ यार्डांवरून मारलं. फुप्फुसात लागली, गुलाबी फेसाळ रक्त होतं, चाळीस पावलं जाऊन पडली. अर्धा तास थांबले. त्याआधी पाडसवाली एक सोडली. रान अमक्या आजोबांचं, ओढायला त्यांनीच मदत केली. (आजोबांचं नाव आणि रस्ता लिहू नकोस. पुढच्या शनिवारी त्यांच्या कुंपणापाशी चार अनोळखी गाड्या उभ्या दिसतील.) हे वाचून जो काही शिकेल तो शिकेल. नुसत्या "पहिलं हरीण!!" मधून कुणी काही शिकत नाही.

फोटोबद्दल फार नाही सांगत, तू बरंच आपणहून बरोबर केलं आहेस. जीभ आत घालायची, नाकावरचं रक्त ओल्या गवताने पुसायचं, जनावरावर बसायचं नाही की पाय ठेवायचा नाही, रायफल रिकामी आणि तोंड कुणाकडेही नसलेलं. साहेबलोकांचे वाघावर बूट ठेवलेले फोटो आपण भिंतींवर पुष्कळ पाहिले आहेत. ती पोझ तिथेच राहू दे.

"मादीच आहे, शिंगं नाहीत" असंही तू लिहिलंस. हे वाचून मला हसू आलं. शिंगांची एक गोष्ट इथली सगळी शिकारी म्हातारी मंडळी सांगतात. 1914 च्या नोव्हेंबरात जेम्स जॉर्डन नावाच्या पोरगेल्या माणसाने उत्तरेत, बर्नेट काउंटीत डॅनबरीजवळ एक प्रचंड नर मारला. डोकं मढवायला एकाला 5 डॉलरवर दिलं. तो माणूस गाव सोडून मिनेसोटात गेला, आणि डोकंही गेलं. जॉर्डन पुढची कित्येक वर्षं सांगत राहिला की एवढी शिंगं होती, आणि हातात दाखवायला काही नव्हतं. पुष्कळ वर्षांनी मिनेसोटातल्या एका जुन्या सामानाच्या विक्रीत तेच डोकं कुणीतरी 3 डॉलरला उचललं. मोजलं तर 206 1/8 इंच भरलं. बून अँड क्रॉकेट क्लब 1887 सालचा, शिंगांच्या लांबी-जाडीची इंचात बेरीज करून विक्रम ठेवतो. 1971 मध्ये त्यांनी जागतिक विक्रम म्हणून त्याची नोंद केली, शिकारी अज्ञात. जॉर्डनचं नाव लागलं ते डिसेंबर 1978 मध्ये. तो ऑक्टोबरमध्येच गेला होता. त्या शिंगांचा विक्रम 1993 पर्यंत टिकला. मला नेहमी वाटतं, त्या हिवाळ्यात त्या नराचं मांस कुणी-कुणी खाल्लं असेल? त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

आमचे आजोबा संगमेश्वरच्या बाजूचे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा यायच्या आधी गावकी मिळून रानडुकराच्या हाक्याला जायची. आजोबा बंदूकवाले नव्हते, ओरडून रान उठवणारे हाकारे होते. ते सांगायचे की डुक्कर पडलं की पहिलं काम वाटे घालणं. केळीच्या पानांवर ढीग लागत, आणि ज्याने मारलं त्याने ढीग लावायचे नाहीत, दुसऱ्याने लावायचे. बंदुकीचा वाटा, हाकाऱ्यांचा वाटा, जखमी कुत्र्याच्या मालकाचा वाटा, घरात पुरुष नाही अशा बाईचाही. 'कुणी मारलं' हे विचारायची गरजच नसे, वाटा घरी आला की कळायचं. आज तिथे ते कायद्याने बंद आहे आणि माझ्या मते बरोबरच बंद आहे. एवढ्या माणसांत तेवढं रान उरलेलं नाही. पण वाट्याची रीत कायद्याने बंद केलेली नाही. इथे तर ती सोपी आहे, कारण रानातल्या हरणाचं मांस विकता येत नाही, फक्त देता येतं.

तेव्हा पहिला वाटा जमीनवाल्या आजोबांचा. त्यांना विचारू नकोस की हवंय का, ते नको म्हणतील. पाठीच्या कण्याला लागून दोन्ही बाजूंना जे लांब मऊ स्नायू असतात त्यातला एक अख्खा कागदात गुंडाळून नेऊन दे.

पण थांब, आज नको. तुझा भाग सीडब्ल्यूडीच्या पट्ट्यात आहे. म्हणजे हरणांना पोखरणारा तो मेंदूचा आजार. 2002 मध्ये माउंट होरेबजवळ पहिल्यांदा सापडला, इथून अर्ध्या तासावर. डोकं चार-पाच इंच मानेसकट तपासणीच्या पेटीत टाकलंस ना? त्यातल्या गाठी तपासतात. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण निकाल वाईट आला तर खाऊ नये असंच आरोग्यवाले सांगतात, आणि मी त्यांचं ऐकतो. निकाल येईपर्यंत एकही पाकीट कुणाच्या हाती द्यायचं नाही. प्रत्येकावर तारीख आणि नोंदणीचा नंबर लिही, नाहीतर फ्रीझरमध्ये कुठलं कुणाचं कळत नाही. आणि गोळी शिशाची होती, म्हणून जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने काढून टाक. शिशाचे कण डोळ्याला दिसतात त्याच्या कितीतरी पुढे जातात. तुझ्या मैत्रिणीकडे दोन वर्षांचं पोर आहे. पुढच्या वर्षी तांब्याच्या गोळ्या घेऊ, महाग आहेत पण चालतील.

चरबीही सगळी काढ. हरणाची चरबी टाळूला मेणासारखी चिकटते. कुकरमध्ये नुसतं तेल जरा जास्त घालायचं आणि वाटणात खोबरं भरपूर.

आता पहिला प्रश्न, घरचा ग्रुप. या गुरुवारी इथे थँक्सगिव्हिंग आहे आणि तुझ्या आईकडे मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. ती सकाळी कलश मांडून फोन हातात घेईल आणि समोर हे. त्या दिवशी तर मुळीच नको. नंतरही ग्रुपवर नको. तिथे तुझी आत्या आहे, दोन माळकरी आहेत, आणि "अगं, तिकडे पोलीस पकडत नाहीत का?" असं विचारणारा एक मामा नक्की असेल. त्यांचं चुकत नाही, तिथे खरंच पकडतात. आईला फोन कर. फोटो न दाखवता आधी सगळं सांग, पाडसवाली सोडली तेही, हात थरथरले तेही. ती दाखव म्हणाली तर दाखव. वडिलांना मात्र बहुतेक पाककृतीतच रस असेल.

निकाल चांगला आला की एका रविवारी पुढचा फरा हाडासकट घेऊन ये. कुकरची रबरी रिंग मी कालच बदलली आहे.

आणि जाकीट. पाठीवर दोन गंजक्या सेफ्टी पिना दिसतील, काढू नकोस. 2016 च्या आधी तिथे नंबराचा कागद लावावा लागायचा. बाहीवरचं रक्त थंड पाण्यातच भिजव. गरम पाणी घातलंस तर डाग कायमचा बसेल.

तुझा,
काका