शैक्षणिक कर्जाचे हप्ते थकलेत, आता अटक होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पदवी झाली, नोकरी लागेना, शैक्षणिक कर्जाचे दोन हप्ते थकले, बँकेचे फोन आता वडिलांना जातायत. अटक होईल का? घर जाईल का? मी बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे सांगतो.

कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही, तो दिवाणी मामला आहे. 'पोलीस पाठवतो' असं फोनवर कोणी म्हणालं तर ती नुसती धमकी समजा. मात्र हप्त्यासाठी दिलेला चेक किंवा ईसीएस (खात्यातून हप्ता आपोआप कापायची सोय) पैशांअभावी परत गेला तर खटला होऊ शकतो. चेक परत गेल्याची नोटीस हाती पडल्यापासून 15 दिवसांत ती रक्कम भरता येते, ही मुदत चुकवू नका.

आता खरी काळजीची गोष्ट. सगळ्यात जुना हप्ता थकून 90 दिवस झाले की खातं एनपीए होतं, म्हणजे बँक ते बुडू शकणारं थकीत कर्ज धरते. समजा, 31 मार्चचा हप्ता राहिला, तर 29 जूनला खात्यावर तो शिक्का बसतो. त्याआधी तुम्ही थोडे पैसे भरलेत तर साधारणपणे ते सगळ्यात जुन्या हप्त्यात वळते होतात आणि दिवसांची मोजणी मागे येते. एकदा एनपीए झालं की एखाददुसरा हप्ता भरून भागत नाही. सगळी थकबाकी भरेपर्यंत खातं नियमित होत नाही. दोन हप्ते थकलेत म्हणजे तुम्ही अजून अलीकडच्या काठावर आहात, म्हणून एवढं कळकळीनं लिहितोय. एक हप्ता जरी उभा करता आला तरी आत्ता भरा.

वडील बहुतेक सहकर्जदार असतील. मग थकबाकी त्यांच्याही सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, चढते. धाकट्या भावंडासाठी कर्ज मागायला गेलेल्या वडिलांना काउंटरवर हे कळतं, तेव्हा त्यांचा उतरलेला चेहरा मी पाहिलाय. त्यांना आजच सगळं सांगा.

घराचं म्हणाल तर ते तारण ठेवलंय का, एवढं मंजुरीपत्रात बघा. 7.5 लाखांपर्यंतच्या कर्जाला बहुधा तारण घेतलेलं नसतं. तिथे बँकेला कोर्टात किंवा लोकअदालतीत जावं लागतं. तारण असेल तर 2002 च्या सरफेसी कायद्यानं (यात बँक कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ शकते) आधी 60 दिवसांची नोटीस द्यावी लागते, तीही खातं एनपीए झाल्यावरच. आणि सरकारची हमी आहे म्हणून कर्ज माफ होतं, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ती हमी बँकेला असते, देणं तुमच्याच डोक्यावर राहतं.

शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या: नोकरी नाही, हप्ता कमी करून मुदत वाढवून द्यावी. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेत परतफेडीला 15 वर्षांपर्यंत मुदत आहे आणि बेरोजगारीच्या काळात हप्ते पुढे ढकलायची सोयही आहे. मॅनेजर आपणहून हे सांगेलच असं नाही. अर्जाच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर बँकेकडे रीतसर तक्रार करा. तिथंही महिनाभरात दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायची परवानगी नाही. केला तर वेळ लिहून ठेवा, तक्रारीत उपयोगी पडेल.

'थोडी रक्कम भरा, खातं मिटवून टाकू' असा प्रस्ताव आला तर लगेच हो म्हणू नका. तडजोडीनंतर सिबिलमध्ये 'सेटल्ड' हा शेरा राहतो आणि पुढचा कर्ज देणारा तो बघतो. दुसरा मार्गच उरला नसेल तर आधी बँकेचं पत्र हाती घ्या, मगच पैसे भरा.