बॅटरी नवी, तरी गाडी बंद का पडते?

प्रश्न : ताई, माझी पेट्रोल हॅचबॅक नऊ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात बॅटरी बदलली आणि तेव्हापासून गाडी त्रास देतेय. कराडात कोल्हापूर नाक्याला गर्दीत क्लच दाबून थांबलो, की इंजिन थरथरतं आणि बंद पडतं. एसी चालू असेल तर हमखास. हायवेला काही तक्रार नाही. रात्री हेडलाइट मधूनच मंद होतात. कधी कधी सकाळी डॅशबोर्डवरचं घड्याळ १:०० वर आलेलं असतं. ड्रायव्हरकडची काच एका दाबात वर जायची, ती आता जात नाही. बॅटरी बसवताना टर्मिनल सैल होत होतं म्हणून दुकानदाराने आत पत्र्याची पट्टी घातली. जुन्या बॅटरीवर ३८बी२०एलएस असं होतं, नव्या बॅटरीवर ३८बी२०एल आहे. एक फिटर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदला म्हणतो. दुसरा म्हणतो, इंजिन चालू ठेवून टर्मिनल काढू, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला असेल तर लगेच कळेल. काय करू?
— एक वाचक, कराड

उत्तर : आधी शेवटचं. चालू इंजिनात टर्मिनल कुणालाही काढू देऊ नका. चार्जिंग चालू असताना बॅटरी अचानक सुटली, की अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणात उसळतो. अल्टरनेटरचे डायोड आणि ईसीयू दोन्ही त्यात जाऊ शकतात. ही पद्धत जुन्या, बिनकॉम्प्युटरच्या गाड्यांपासून चालत आली आहे. अल्टरनेटर तपासायला व्होल्ट मोजणारा साधा मल्टिमीटर पुरतो. ईसीयू बदलण्याचा खर्चही आत्ता बिलकूल करू नका.

तुम्ही बॅटरीचे नंबर लिहून पाठवलेत, फार बरं केलंत. शेवटचा एस म्हणजे जाड पोल. पोल म्हणजे बॅटरीवरचा शिशाचा खुंट. बारीक प्रकारात पॉझिटिव्ह पोल सुमारे १५ मिलिमीटर व्यासाचा असतो, जाड प्रकारात सुमारे १९.५. तुमच्या गाडीचे क्लॅम्प, म्हणजे वायरच्या टोकाच्या पकडी, जाड पोलासाठी आहेत आणि बसवलेत बारीक पोलावर. पत्र्याची पट्टी घालून ते हाताला घट्ट लागतात, पण शिशाला नीट भिडणारा भाग थोडाच असतो. धक्क्याने, उष्णतेने तो हलतो. घड्याळ १:०० वर येतं ते त्यामुळेच. गाडीचा पुरवठा मधूनच पूर्ण तुटतोय, हा त्याचा पुरावा आहे.

गाडी फक्त थांबल्यावरच का बंद पडते, तेही यातच आहे. इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीच्या झडपेभोवती वर्षानुवर्षं कार्बन साचतो आणि हवेची वाट अरुंद होते. ईसीयू हळूहळू झडप थोडी जास्त उघडायला शिकतो, म्हणून आपल्याला काही जाणवत नाही. बऱ्याच गाड्यांत बॅटरी सुटली, की हे शिकलेलं पुसलं जातं आणि ईसीयू नव्या, स्वच्छ थ्रॉटलच्या मापाने झडप उघडतो. कार्बन मात्र तिथेच असतो. हवा कमी पडते, आयडलिंग, म्हणजे गाडी थांबलेली असतानाचा इंजिनचा वेग, खाली येतं. त्यात एसीचा कॉम्प्रेसर आणि रेडिएटरचा पंखा लागला, की इंजिन दम सोडतं. काही दिवस चालवल्यावर ईसीयू पुन्हा शिकला असता. तुमचं टर्मिनल त्याला शिकू देत नाही. दर वेळी सुटलं, की पाटी कोरी. म्हणून आधी टर्मिनल, मग थ्रॉटल. उलट केलंत तर थ्रॉटल साफ करण्याचे पैसे वाया जातील.

दुकानदाराकडे बिल घेऊन जा आणि जाड पोलाचीच बॅटरी मागा. चुकीची त्यांनी दिली आहे, बदलून मागायला संकोच करू नका. नाहीच दिली, तर पोलावर चढवायच्या शिशाच्या टोप्या मिळतात, त्या बसवा. पत्रा काढाच. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी, नाहीतर पाना बॉडीला टेकून ठिणगी उडते. निगेटिव्ह वायरचं दुसरं टोक जिथे बॉडीला बोल्टने लावलंय, तेही उघडून पॉलिश पेपरने घासा. तिथला गंज कुणी बघतच नाही.

मग इंजिन सुरू करून मल्टिमीटरची टोकं क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या पोलांवर ठेवा. १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर ठणठणीत आहे. आता हेडलाइट आणि एसी लावून निगेटिव्ह पोल आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यात मोजा. ०.२ व्होल्टच्या वर गेलं, तर अर्थिंगमध्ये अजून खोट आहे.

हे जमलं, की थ्रॉटल बॉडी क्लीनरने साफ करून घ्या. झडप इलेक्ट्रॉनिक असेल तर चावी चालू असताना बोटाने ढकलू नये, मोटर बिघडते. नंतर इंजिन गरम करा, एसी, दिवे, पंखा सगळं बंद ठेवून काही मिनिटं आयडलिंगवर राहू द्या, मग एसी लावून तसंच. काही मॉडेलना हे स्कॅनरनेच शिकवावं लागतं, ते गाडीच्या पुस्तिकेत किंवा सर्व्हिस सेंटरला कळेल.

बॅटरी सुटल्याने काचेचंही शिकलेलं पुसलं गेलंय, पण तिचं काम सगळ्यात सोपं. काच पूर्ण खाली घ्या, बटण ओढून पूर्ण वर न्या आणि वर गेल्यावरही काही सेकंद बटण सोडू नका. बहुतेक गाड्यांत एवढ्याने एका दाबाची सोय परत येते.

एवढं करूनही थांबल्यावर आयडलिंग पडलं, तर थ्रॉटलच्या पुढची हवेची पाइप कुठे चिरली आहे का बघायला सांगा आणि मोजलेले आकडे मला कळवा.