तरुण कॅन्सर पेशंटांच्या वॉर्डात बदली झाली आहे. नेमकं काय शिकून घेऊ, आणि स्वतःला कसं सांभाळू?

तुम्ही लिहिलंय की मोठ्यांच्या वॉर्डात सहा वर्षं काढल्यावर आता 14 ते 24 वयाच्या कॅन्सर पेशंटांकडे बदली झाली आहे. केमोचं ट्रेनिंग मिळणार आहे, पण या मुलांशी बोलायचं काय आणि घरी गेल्यावर ते डोक्यातून काढायचं कसं, हे कोणी सांगत नाही. मी याच वयोगटात 11 वर्षं नर्स आहे. मलाही कोणी सांगितलं नव्हतं.

केमोचं ट्रेनिंग मन लावून करा, तिथे सूट नाही. विन्क्रिस्टिन हे शिरेतून द्यायचं औषध चुकून पाठीतून मज्जारज्जूच्या पाण्यात गेलं तर पेशंट जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणूनच ते सिरिंजऐवजी छोट्या सलाईन बॅगमधून द्या असं सांगतात. असले नियम हाताला सवय होईपर्यंत घोटायचे. ते शिकवणारे भेटतात, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

या वयात गाडी अडते ती बोलण्यात. एक 17 वर्षांचा मुलगा होता. एएलएल नावाचा रक्ताचा कॅन्सर, मेंटेनन्स (आजार परतू नये म्हणून चालणारे लांबचे उपचार) चालू. रोज रात्री घरी मर्कॅप्टोप्युरिनची गोळी. डोस वाढवूनही रक्तपेशींचे काउंट या गोळीने यायला हवे तसे खाली येईनात. त्याला काहीही विचारलं की उत्तर आई द्यायची, "घेतो की, मी स्वतः हातात देते." एकदा आई रिपोर्ट आणायला खाली गेली तेव्हा मी त्याला विचारलं, "आठवड्यातून किती वेळा राहून जाते?" ("घेतोस ना?" असं कधीही विचारू नका, त्याचं उत्तर "हो" हेच असतं.) त्याने खिशातून इअरफोनची डबी काढली. आत फिकट पिवळ्या गोळ्या. मोजल्या, नऊ निघाल्या. चेहरा सुजतो तो या गोळ्यांनी, अशी त्याची समजूत. सुजवणारी गोळी स्टेरॉइडची होती, आणि ती मात्र तो न चुकता घेत होता!

ही गोष्ट किरकोळ नाही. एएलएलच्या मुलांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासात, या गोळीचे 95 टक्क्यांहून कमी डोस घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका बराच वाढलेला दिसला. हिशेब करा, महिन्यात दोन गोळ्या चुकल्या की ती रेषा ओलांडली. आईला मी काही सांगितलं नाही. त्यानेच सांगितलं, मी शेजारी उभी राहिले.

तेव्हा पहिली गोष्ट शिका ती पेशंटशी एकट्याने बोलायची. यासाठी 'हेड्स' नावाची जुनी, साधी पद्धत आहे: आधी घर, मग शिक्षण, मोकळा वेळ, व्यसनं, लैंगिकता आणि शेवटी आत्महत्येचे विचार. खरी खुबी या क्रमात आहे. सोप्यापासून अवघडाकडे जाता जाता मुलं तुम्हाला जोखत असतात. सुरुवातीलाच सांगून टाका की बोलणं तुमच्यातच राहील, पण जिवाला धोका दिसला तर डॉक्टरांना सांगावं लागेल. हे आधी सांगितलं नाही आणि नंतर सांगायची वेळ आली, तर तो मुलगा पुन्हा तोंड उघडत नाही.

दुसरी गोष्ट, केमो सुरू होण्याआधी मूल होण्याच्या क्षमतेबद्दल बोलणं. वयात आलेल्या मुलाचं वीर्य एका दिवसात साठवता येतं. मुलीची बीजं काढायला साधारण दोन आठवडे लागतात आणि तेवढा वेळ आजार देईलच असं नाही. सगळे एकमेकांकडे बघत बसतात आणि पहिली केमो चढते. आमच्याकडे हे घडलंय, म्हणून तुमच्या वॉर्डात हा विषय कोण काढतं ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. आणि आईवडिलांसमोर 15 वर्षांच्या पोराला हा प्रश्न टाकू नका, तो "नको" म्हणून मोकळा होतो.

वाईट बातमीच्या संभाषणाचा सराव एखाद्या सहकाऱ्याला पेशंट करूनच होतो. पहिली दहा मिनिटं हसू येतं, मग येत नाही. मला त्यातून मिळालेली सगळ्यात उपयोगी सवय म्हणजे वाक्य संपलं की गप्प बसणं. मनात दहा आकडे मोजायचे. नाहीतर पाचव्याला आपणच काहीतरी उगाच बोलतो आणि समोरचा आपला प्रश्न गिळून टाकतो.

आता स्वतःला सांभाळायचं. ही मुलं तुम्हाला ताई म्हणणार, नंबर मागणार. मी दिला होता. 19 वर्षांची मुलगी, रात्री दोनला मेसेज, मी उत्तरं द्यायचे आणि मला त्याचा अभिमानही होता. मग मी चार दिवस रजेवर गेले. परत आले तर कळलं, तीन दिवस तिला तोंडात फोड येऊन गिळता येत नव्हतं आणि तिने कुणालाच सांगितलं नाही. ताई आल्यावर सांगू म्हणून थांबली होती. त्यानंतर मी फक्त वॉर्डचा नंबर देते. माझ्या झोपेसाठी नाही, त्यांच्याच जिवासाठी.

ध्यान करा, छंद जोपासा, हे सल्ले भरपूर मिळतील. माझा त्यांच्यावर राग नाही, पण थकवा ड्युटीत येतो तर आधारही ड्युटीतच हवा. पेशंट गेल्यावर त्याच शिफ्टमध्ये पंधरा मिनिटं सगळ्यांनी बसून बोलायचं, सफाईच्या मावशींनाही बोलवायचं. चूक कोणाची हा विषय त्यात नाही. 'श्वार्ट्झ राउंड' ही बैठक त्याच जातीची. केनेथ श्वार्ट्झ या बोस्टनच्या वकिलाचं 1995 मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने निधन झालं, आणि त्याच्या नावाने सुरू झालेल्या या बैठकांत कर्मचारी उपचारांवर नाही, स्वतःला काय वाटलं त्यावर बोलतात. आमच्या पंधरा मिनिटांच्या बैठकीला इन्चार्जनी आधी "वेळ कुठाय" म्हटलं. शिफ्ट बदलतानाच्या हँडओव्हरला जोडून घेतल्यावर वेळ निघाला.

रडू आलं तर काय, असंही विचारलंय तुम्ही. येऊ द्या. मी पेशंटसमोर दोनदा रडले आहे. एकदा तर त्यानेच टिश्यूचा डबा पुढे केला, आणि मग म्हणाला, "सिस्टर, सलाईन संपलंय."