लंगडणं ऐकू येणारी मुलगी

ताई, नमस्कार.

कबड्डीत लेकीच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, आणि चालायचा सराव तिने घरी मोबाईलवर तबल्याचा केरवा ठेका लावून केला, असं तुम्ही लिहिलंय. आता बारावी सायन्सला असताना ‘जखमी खेळाडूंना संगीताने बरं करायचंय’ म्हणते आणि तीन आठवड्यांच्या ऑनलाइन ‘साउंड हीलिंग’ सर्टिफिकेटसाठी पैसे मागते. हे खूळ आहे का, असं तुम्ही विचारता.

सर्टिफिकेटला पैसे देऊ नका. पण खूळही म्हणू नका.

ऑपरेशन झालेल्या पायावर माणूस भार टाकायला घाबरतो, तो पाय लवकर उचलतो. मग फरशीवर पावलं वाजतात ती एक लांब, एक आखूड. ठेका सुरू असला की पाऊल आपसूक मात्रेवर पडायला बघतं. मायकेल थाउट यांनी १९९०च्या दशकात अमेरिकेत यावरच चालण्याची उपचारपद्धत बसवली. ती मुख्यतः पक्षाघात आणि पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी. खेळाडूंवर काम अजून थोडंच झालंय. लय रुग्णाच्याच चालीवरून धरायची, मग बेताबेताने चढवायची. मध्यमा परीक्षेपर्यंत तबला शिकलेल्या मुलीला यात नवीन काय? लंगडणं आम्हाला दिसतं, तिला ते आधी ऐकू येईल.

ऑपरेशननंतर संगीत ऐकल्याने वेदना आणि घालमेल कमी होते, हे २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ७३ चाचण्यांचा एकत्र आढावा छापून दाखवलं. पण गाण्याने लिगामेंट जुळत नाही हो. ते सर्जन बसवतो आणि वाळलेली मांडी व्यायामानेच भरते.

म्हणून आधी फिजिओथेरपी. बीपीटीएच या फिजिओथेरपीच्या पदवीला आपल्याकडे नीट परीक्षेचे गुण लागतात आणि इंटर्नशिप धरून साडेचार-पाच वर्षं जातात. आपल्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजमध्येच हा कोर्स आहे, हॉस्टेलचा खर्च वाचेल. नुसता ‘संगीतोपचारक’ नेमणारा क्लब मी तरी नागपुरात पाहिला नाही. ठेका वापरणारी फिजिओ मात्र कुठेही चालेल.

तबला बंद करू नका, फक्त विशारदची परीक्षा नीटनंतर. आणि तिच्या फिजिओंना विचारून आठवडाभर संध्याकाळी तिला तिथे बसू द्या. डोळे मिटून पावलं ऐकायला सांगा.

एक राहिलं. तिने बायोलॉजी घेतलंय की नाही, हे पत्रात नाही. सोडलं असेल तर लगेच कळवा.