दुसरी खेप

प्रिय पोरी,

तुझं मेलबर्नहून आलेलं पत्र दोनदा वाचलं. एक ॲबोरिजिनल, म्हणजे तिथली मूळ रहिवासी बाई म्हणाली, 'व्हॉइस' हवाच होता: संसदेला सल्ला देणारी मूळ रहिवाशांची संस्था, राज्यघटनेत नोंदलेली. दुसरी म्हणाली, आधी आमच्याशी करार करा, मग तुमच्या राज्यघटनेत जागा द्या. आणि तू विचारतेस, समाजाचं मत म्हणून प्रबंधात काय लिहू? अगं, तुझ्या आईचं आणि मावशीचं एका उमेदवारावर कधी एकमत झालंय? दोघींचं लिही आणि मोकळी हो.

खरी गोम वेगळीच आहे. ऑस्ट्रेलियात मूळ रहिवासी शंभरात चारसुद्धा नाहीत. 'व्हॉइस'वरच्या १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात त्यांच्यातल्या एकूण एकाने 'हो' म्हटलं असतं तरी निकाल त्यांच्या हातात नव्हता. साठ टक्के 'नाही', सहाही राज्यांत हार. त्यांच्या शब्दाला वजन येणार ते मतदानाच्या आधी, कोणी विचारायला येतं तेव्हाच. म्हणून ते विचारणं तपास. २०१६-१७ मध्ये मूळ रहिवाशांच्या बारा प्रादेशिक बैठका झाल्या, तीन-तीन दिवसांच्या, प्रत्येकीत शंभराच्या आसपास माणसं. बोलावून आणलेली, निवडून आलेली नव्हेत. हा आक्षेप झाकू नकोस. पण शेवटच्या दिवशी चर्चेची नोंद त्यांनाच वाचून दाखवत आणि मंजूर करून घेत. 'व्हॉइस'ची मागणी करणारं मे २०१७ चं उलुरूचं निवेदन त्यातून आलं. मला त्यात हे वाचून दाखवणंच सगळ्यात मोठं वाटतं.

कारण मी ते केलं नव्हतं.

धानोऱ्याच्या पुढचं एक गाव. ठराव मी गडचिरोलीतच टाइप करून नेला होता, मराठीत. माणसं गोंडी बोलणारी. दुभाषा म्हणून सातवीतला एक पोरगा. तासाभरात अंगठे झाले. एक म्हातारी अंगठ्याची जांभळी शाई लुगड्याला पुसत माझ्याकडे बघून काहीतरी विचारत होती. पोरगा म्हणाला, "काही नाही सर, असंच." बाहेर जीप सुरू होती. मी निघालो.

ती काय विचारत होती, मला आजही माहीत नाही.

पुढे त्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावच्या ग्रामसभेत बसलो. तिथे सगळ्यांना पटेपर्यंत ठराव होत नाही; उठायची घाई फक्त मलाच. तेव्हापासून एकच हट्ट: दुसरी खेप घालायची. लिहिलेलं घेऊन परत जायचं, त्यांच्या भाषेत वाचायचं, 'हे आम्ही म्हटलंच नव्हतं' हे ऐकून घ्यायचं. या हट्टापायी एका समितीतून मला वगळलं. तुमच्यामुळे उशीर होतो, म्हणाले. होतोच! त्यांचा अहवाल वेळेवर निघाला. ज्यांच्याबद्दल होता त्यांच्यापर्यंत पोचला नाही. मी आडमुठा आहे, तुझी काकूही हेच म्हणते. असू दे.

तेव्हा तू एवढंच शोध: मार्च २०२३ मध्ये सार्वमताच्या प्रश्नाचे शब्द पक्के झाले, ते घेऊन त्या बारा ठिकाणी पुन्हा कोणी बसलं का? बसले असतील तर किती वेळ, कोणत्या भाषेत? पहिल्या खेपेचे फोटो सगळ्यांकडे असतात. दुसरीचं विचार.

आणि त्या दोघींबद्दल तू जे लिहिलंस, ते त्यांना वाचून दाखवलंस? नाही ना? मग डिसेंबरचं तिकीट पुढे ढकल. आईशी मी बोलतो.

तुझा,
काका